सध्या काय वाचताय? पुस्तक सांगायचं कसं आणि सुचवायचं कसं

‘अप्रतिम पुस्तक! प्रत्येकाने वाचलंच पाहिजे.’ सोबत मुखपृष्ठाचा फोटो. खाली अंगठे, नमस्कार, ‘यादीत टाकलं’ असे निरोप. महिन्याभराने चौकशी केली तर त्यातल्या एकानेही पुस्तक हातात घेतलेलं नसतं. मग ‘हल्ली कोणी वाचतच नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. वाचायची इच्छा असलेली माणसं भरपूर आहेत, फक्त पुस्तक त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

घोळ होतो तो दोन कामं एकत्र केल्यामुळे. ‘मी सध्या हे वाचतोय’ ही आपली खबरबात आहे, ती विसाव्या पानावरही देता येते. ‘तू हे वाच’ म्हणताना मात्र आपण दुसऱ्याचे आठ-दहा तास आणि दोन-चारशे रुपये मागत असतो. त्याला वेगळी तयारी लागते. ती तयारी पुस्तक संपल्यावर करू म्हटलं तर जमत नाही, वाचतानाच सुरू करावी लागते. म्हणून पुढचे टप्पे क्रमानेच घ्या.

## टप्पा १ : वाचतानाच टिपण ठेवा

पुस्तकात खूण म्हणून एक कोरा कागद ठेवा, पोस्टकार्डाएवढा पुरे. सोबत पेन्सिल. कागदाच्या एका बाजूला पुस्तकाची माहिती लिहायची आणि दुसऱ्या बाजूला तुमचं वाचन.

माहितीसाठी शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. प्रकाशक, आवृत्ती, पुनर्मुद्रणाचं वर्ष, किंमत आणि अलीकडच्या पुस्तकांत तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, हे बहुधा तिथे असतं. हे पान बहुतेक जण न बघता उलटतात आणि पुढे ‘कुठल्या प्रकाशनाचं?’ या प्रश्नाला ‘निळ्या मुखपृष्ठाचं’ असं उत्तर देतात. मुखपृष्ठ नव्या आवृत्तीत बदलू शकतं, त्यावरून दुकानदाराला पुस्तक काढता येत नाही.

आवृत्ती टिपण्याला आणखी एक कारण आहे. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घ्या. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या वरसईच्या भिक्षुकाची ही हकीकत चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रथम छापली, पण मूळ मजकुरात फेरफार करून. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून वेगळी आवृत्ती सिद्ध केली. तुम्ही एक वाचलीत आणि ऐकणाऱ्याने दुसरी आणली, तर तुम्ही सांगितलेली भाषा त्याला तिथे सापडेलच असं नाही. जुन्या पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्याही बाजारात असतात, तेव्हा ‘संक्षिप्त’ किंवा ‘संपादित’ असं कुठे लिहिलंय का ते बघाच.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव मूळ लेखकाच्या आधी लिहा. ‘पाडस’ हे मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या कादंबरीचं मराठी रूप, पण मराठी वाचकाच्या हातात असतं ते राम पटवर्धनांचं मराठी. ते नाव गाळून केलेली शिफारस अपुरीच.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला एवढंच लिहा:

- पुस्तक तुमच्याकडे कसं आलं, कोणी दिलं
- कितव्या पानावर गुंतलात
- कितव्या पानावर कंटाळलात किंवा अडलात
- एक परिच्छेद, पान क्रमांकासह, जो कोणाला तरी वाचून दाखवावासा वाटला

तिसरा मुद्दा सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो आणि नेमका तोच लिहिला जात नाही. पुस्तक आवडलं की आधीचा कंटाळा आपण पार विसरून जातो. ऐकणारा मात्र त्याच पानावर अडतो आणि पुस्तक मिटवतो.

सावध राहा : वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही खुणा करू नका. त्यासाठीच हा कागद आहे.

## टप्पा २ : ‘सध्या हे वाचतोय’ हे सांगताना निकाल देऊ नका

अर्ध्या पुस्तकावर सांगायला हरकत काहीच नाही, उलट गप्पा तेव्हाच रंगतात. फक्त ‘उत्कृष्ट’, ‘फसलेलं’, ‘वाचाच’ हे शब्द त्या वेळी तोंडातून काढायचे नाहीत. पुस्तकाचं नाव, लेखक, तुम्ही कुठवर आलात आणि आत्ता मनात काय चाललंय, एवढं बास. हा एक नमुना:

‘विश्राम बेडेकरांचं “रणांगण” वाचतोय, १९३९ सालचं. युरोपातून मुंबईकडे येणारं जहाज आणि त्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू प्रवासी. निम्मं झालंय. नायकाच्या वागण्याचा राग येतोय, पण त्याला सोडवतही नाही. कोणी वाचलंय का? शेवट सांगू नका.’

यात पुस्तकाची कुठलीच स्तुती नाही, तरी दोघं-तिघं बोलते होतात. ‘शेवट सांगू नका’ हे आवर्जून म्हणा. ज्यांनी वाचलंय त्यांना ते सांगायची घाई असते.

एका वेळी चार पुस्तकं चालू असतील तर एकाचंच नाव घ्या. चारांची नावं एकदम ऐकली की ऐकणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही.

पुस्तक अर्ध्यावर सोडलंत तर तेही सांगा, कारणासकट. ‘बोलीभाषा समजेना’, ‘अक्षर फार बारीक’, ‘ऑफिसच्या धावपळीत नाती लक्षात राहेनात’. ही कारणं तुमची असतात, पुस्तकाची असतीलच असं नाही. त्यामुळे ‘टाकाऊ आहे’ म्हणण्यापेक्षा कारण सांगितलेलं बरं. तीच बोली कोणाच्या घरची असेल तर तो दुसऱ्याच दिवशी पुस्तक मागायला येईल.

तपासा : तुमच्या निरोपातून विशेषणं काढून टाका. मागे काही उरलं तर पाठवा.

## टप्पा ३ : संपल्यावर थोडे दिवस जाऊ द्या

शेवटचं पान उलटल्या उलटल्या केलेली शिफारस भरात केलेली असते. आठवडाभर थांबा, मग पुस्तक न उघडता स्वतःला विचारा : यातलं काय राहिलं माझ्यापाशी? एखादा प्रसंग, माणूस, एखादी जागा नेमकी आठवली तर सुचवायला हाताशी काहीतरी आहे. ‘छान होतं’ यापलीकडे काही आठवत नसेल तर नुसतं ‘वाचून झालं’ म्हणा.

प्रस्तावना याच आठवड्यात वाचा. मराठी पुस्तकांच्या नंतरच्या आवृत्त्यांना जोडलेल्या लांबलचक प्रस्तावना बऱ्याचदा सगळं कथानक सांगून मोकळ्या होतात. समीक्षा म्हणून त्या चांगल्या असतील, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्या मारक ठरतात. ज्याला पुस्तक सुचवाल त्यालाही ‘प्रस्तावना शेवटी वाच’ असं बजावा.

## टप्पा ४ : आधी माणूस, मग पुस्तक

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ‘प्रत्येकाने वाचावं’ असं पुस्तक मला तरी माहीत नाही, आणि प्रत्येकासाठी असलेला निरोप कोणीच स्वतःसाठी म्हणून घेत नाही.

‘तुला काय वाचायला आवडतं?’ हा प्रश्न टाळा. भिडेखातर ‘काहीही चालतं’ असं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा:

शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण वाचलंस? ‘पूर्ण’ महत्त्वाचं. उत्तर दहा वर्षांपूर्वीचं असेल तर त्या माणसाला आधी जाड पुस्तक देऊ नका. त्याला काहीतरी संपवल्याचं समाधान मिळायला हवं.

वाचतोस कधी? लोकलमध्ये उभ्याने, रात्री झोपण्यापूर्वी, की रविवारी सलग? उभ्याने वाचणाऱ्याला कथा, ललित लेख, लहान प्रकरणं सोयीची. गाडी चालवत कामावर जाणाऱ्याला स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवरची मराठी श्राव्य पुस्तकं चालतील, पण वाचणाऱ्याचा आवाज तुम्ही स्वतः दहा मिनिटं ऐकल्याशिवाय सुचवू नका.

सध्या काय नको आहे? हे सरळ विचारता येत नाही, ओळखावं लागतं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, आजारपण चालू असेल, तर पुस्तकात पुढे काय येणार आहे याची कल्पना द्यावीच लागते. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कॉलेजच्या पोरांना देताना आपण होस्टेल, मेस, पुण्यातले दिवस यांबद्दल उत्साहाने बोलतो. पण त्यात धाकट्या बहिणीचा मृत्यू आहे आणि ती पानं फार खोलवर जातात. ज्याच्या घरी तसं घडलंय त्याला हे आधी सांगितलंच पाहिजे. पुढचं कळल्याने मजा जाईल म्हणून गप्प बसण्याचा हा प्रसंग नाही. म्हणून मीही ते इथे उघड लिहिलंय.

वयस्कर माणसांच्या बाबतीत पुस्तकाचं वजन आणि अक्षराचा आकार आधी बघा. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ अंथरुणावर पडून दोन्ही हातांनी धरायची म्हणजे दहा मिनिटांत मनगटं भरून येतात. टेबलाशी बसणं जमत नसेल तर ती ई-पुस्तक म्हणून मिळते का ते पाहा, म्हणजे अक्षर मोठं करता येतं.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या किंवा परदेशात वाढलेल्या मुलांना आपण हमखास आपल्या शाळेतल्या आठवणीतली पुस्तकं देतो. त्यांची अडचण बहुधा जोडाक्षरं आणि वाचनाचा वेग ही असते, गोष्टीत त्यांना रस असतोच. त्यांना मोठ्या अक्षरातलं पातळ पुस्तक द्या आणि पहिली दोन पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळांत शिकवणाऱ्या पालकांनी हे करून पाहावं.

तपासा : ‘हे पुस्तक तुलाच का सांगतोय’ याचं एका वाक्यात उत्तर देता येतं का? येत नसेल तर पुस्तक बदला किंवा माणूस बदला.

## टप्पा ५ : शिफारस मांडायचा क्रम

कोणासाठी, कशाबद्दल, अडचण कुठे, सुरुवात कुठून, मिळेल कुठे. याच क्रमाने बोला. स्तुती करायचीच असेल तर ती यातच आपोआप येते.

नेहमीची पद्धत अशी : ‘व्यंकटेश माडगूळकरांची “बनगरवाडी” वाचा. ग्रामीण जीवनाचं विलोभनीय चित्रण! एकदा हातात घेतली की खाली ठेववत नाही.’

हेच वाक्य माणदेशाऐवजी कोकणातल्या कुठल्याही पुस्तकाबद्दल म्हणता येईल, म्हणजे त्याने ‘बनगरवाडी’बद्दल काहीच सांगितलेलं नाही. आता क्रमाने:

‘तू बरेच दिवसांत मराठी वाचलं नाहीस आणि तुझी पहिली नोकरी गावातल्या शाळेत होती, म्हणून तुला हे सांगतेय. “बनगरवाडी” १९५५ सालची आहे, जेमतेम दीडशे पानांची. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. मुलं मेंढरांमागे, आणि शाळेत यायला कोणी नाही. मोठं कथानक शोधू नकोस, माणसं एकेक करून भेटत जातात. संवादांत माणदेशी बोली आहे, पहिली पंधरा-वीस पानं अडखळशील, मग कानाला सवय होते. तिथपर्यंत थांब. माझ्याकडे प्रत आहे, शनिवारी आणते.’

निरोप लांब झाला खरा. पण तो एकाच माणसाला आहे आणि त्याला उत्तर येतं.

‘मोठं कथानक शोधू नकोस’ हे सांगणं फार गरजेचं असतं. पुस्तकाबद्दल चुकीची अपेक्षा घेऊन बसलेला वाचक निराश होतो आणि दोष पुस्तकाला लागतो. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाचं पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे शेवट लपवण्यात अर्थ नाही. सांगायचं ते हे की कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात. ‘मी’ म्हणणारा माणूस मध्येच बदलला की नवखा वाचक गोंधळतो. तुमचं एक वाक्य तो गोंधळ टाळतं.

दया पवारांच्या ‘बलुतं’बद्दल हमखास होणारी चूक वेगळी. ‘दलित आत्मकथन, वाचून डोळ्यांत पाणी येतं’ असं सांगितलं की समोरचा दयेच्या तयारीने पुस्तक उघडतो. १९७८ च्या त्या पुस्तकात दया पवार आणि दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन रूपं एकमेकांशी बोलतात. मुंबईतली कावाखाना ही वस्ती, तिथली माणसं, त्यांची भांडणं सगळं त्यात येतं, आणि लेखक स्वतःलाही सोडत नाही. हे सांगा. वाचणाऱ्याचं पोट तुटायचं असेल तर ते पुस्तकामुळे तुटेल, आपण आधीपासून रडायला बसवू नये.

कथासंग्रह किंवा कवितासंग्रह सुचवताना एकच कथा, एकच कविता नावाने सांगा. ‘जी. ए. कुलकर्णी वाच’ हे ऐकून कोणी कुठलंही पान उघडतं आणि दमून परत येतं. ‘“कैरी” वाच, मग बोलू’ म्हटलं तर एका संध्याकाळचं काम होतं.

सावध राहा : ऐतिहासिक कादंबरी सुचवताना ‘ही कादंबरी आहे’ हे शब्द उच्चारा. रणजित देसाईंची ‘स्वामी’ माधवराव पेशव्यांवरची कादंबरी आहे, त्यातले संवाद लेखकाने रचलेले आहेत. असे संवाद पुढे इतिहास म्हणून फिरतात, त्याची सुरुवात बेफिकीर शिफारशीतून होते.

## टप्पा ६ : वाचनकट्ट्यावर बोलताना

सोसायटीत, वाचनालयात किंवा पुस्तक भिशीत पाच-सहा जण आळीपाळीने बोलणार असतील तर चार मिनिटांच्या वर जाऊ नका. कथानक सांगायला लागलात की चार मिनिटं त्यातच जातात, म्हणून कथानक दोन वाक्यांत उरका आणि टिपणाच्या कागदावरचा तो परिच्छेद वाचून दाखवा. अर्ध्या पानाहून जास्त नको. घरी एकदा मोठ्याने वाचून घ्या, कुठे श्वास घ्यायचा ते कळतं आणि न येणारा एखादा शब्द आधीच सापडतो.

पुस्तक हातात असू द्या आणि बोलून झालं की फिरवा. लोक ते चाळतात, अक्षर बघतात, किंमत बघतात. तुमच्या बोलण्याइतकाच त्याचाही परिणाम होतो.

## टप्पा ७ : पुस्तक मिळेल याची सोय बघा

मराठी पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांमध्ये कधी कधी वर्षानुवर्षं जातात. सुचवण्याआधी प्रकाशकाला किंवा ओळखीच्या दुकानाला फोन करून ‘सध्या उपलब्ध आहे का’ हे विचारा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारली तरी अंदाज येतो. नसेल तर वाचनालय. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या जुन्या संस्थांत दुकानातून गायब झालेली पुस्तकं सापडतात. साताऱ्याकडे जाणं होणार असेल तर पाचगणीजवळचं भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, तिथे घराघरांत बसून वाचता येतं.

पीडीएफ पाठवू नका. ‘ग्रुपवर आलीच होती’ म्हणून पुढे ढकललेली प्रत लेखकाचं आणि प्रकाशकाचं नुकसान करते, आणि ती बेकायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीतल्या पुस्तकांवर त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क राहतो, ही मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. हक्क संपलेली बरीच मराठी पुस्तकं विकिस्रोतावर आहेत, त्यांचा दुवा खुशाल पाठवा. अनुवादाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो, मूळ पुस्तक मोकळं झालं म्हणून त्याचा मराठी अनुवाद मोकळा होत नाही.

स्वतःची प्रत देताना वहीत नाव आणि तारीख लिहा, समोरच्याच्या देखत. संकोच वाटतो, पण परत मागताना वाटणारा संकोच याहून मोठा असतो. जी प्रत गेली तर जीव तुटेल ती देऊच नका.

## टप्पा ८ : नंतरची चौकशी

‘कुठवर आलास?’ हा प्रश्न गृहपाठ तपासल्यासारखा वाटतो आणि माणूस तुम्हाला टाळायला लागतो. महिन्याभराने एकदाच विचारा, आणि असं विचारा : ‘कुठे अडलं का?’ अडलं असेल तर तो मोकळेपणाने सांगेल. पुढची दहा पानं वगळ, हे प्रकरण नंतर वाच, असं काही सुचवता आलं तर सुचवा. नाही जमलं तर पुस्तक परत घ्या आणि ‘शेवट तरी वाच’ म्हणून भरीस पाडू नका.

कोणाला काय दिलं, कोणी कुठे सोडलं, हे देवघेवीच्या त्याच वहीत नावापुढे लिहून ठेवा. दोघा-तिघांनी एकाच ठिकाणी पुस्तक सोडलं असेल तर पुढच्या शिफारशीत ‘अडचण कुठे’ या जागी तो पान क्रमांक घाला. आणि ज्याने पुस्तक न आवडल्याचं सरळ सांगितलं, त्याला पुढचं पुस्तक सर्वांत आधी सुचवा. तो भिडेखातर ‘छान’ म्हणणारा नाही, त्यामुळे त्याला काय चालेल याचा अंदाज तुम्हाला आता आलेला असतो.